बहारीनला पाऊस लागला त्या साली

मी अकोल्याकडला, ताई. मूर्तिजापूर माहीत हाये का तुम्हाले? त्याच्या अलीकडं दोन कोसावर आमचं गाव, गावाच्या खालतं नाला अन नाल्याच्या काठानं आमची वस्ती. माय-बाप दोघंबी लोकाच्या वावरात जात. बापानं एकच गोठ पक्की धरली, पोट्ट्याले शायेतून काढलं नाही. दहावी झाल्यावर आयटीआयले घातलं, तिथं मले फ्रिज-एसीचा ट्रेड भेटला. आता तुमी म्हनसान, ज्याच्या घरी पंखा नाही त्यानं एसीचा ट्रेड काहून घेतला. त काय सांगू तुम्हाले, लाईनीत उभा व्हतो, इलेक्ट्रिशियनच्या जागा भरल्या, फिटरच्या भरल्या, खिडकीतला मानूस म्हने हे एकच उरलं हाये, घेतो का. म्या म्हनलं घेतो. असा आलो मी एसीत, काही आवड-बिवड नव्हती.

मंग लग्न झालं, शीला आली, पोरगी झाली, पोरगं झालं, अन पोरगं तीन महिन्याचं असताना मी बहारीनले आलो. मीना सलमान बंदराजवय वर्कशॉप, अन राहाले नईम मोहल्ल्यात एका जुन्या घराची माडी, एका खोलीत चार जनं. मालक इथलाच, म्हातारा, त्याले आमी अरबाब म्हनो. मानूस वाईट नव्हता. ओरडे, पन शिवी देत नव्हता. ईदले बिर्याणीचं पातेलं पाठवे.

आता आमचं काम सांगतो, नाही त पुढचं तुम्हाले समजनार नाही. इकडे थंडीत कोनी एसी लावत नाही. म्हनून त्या तीन-चार महिन्यांत लोकाच्या घरचे खिडकीतले एसी काढून आमच्याकडं येत. ते उघडायचे, कॉइल धुवायची, पत्र्याचा गंज खरडायचा, रंग मारायचा, अन आंगनात उन्हात वायत ठेवायचे. गर्मी सुरू व्हाच्या आत परत नेऊन बसवायचे. धुवायचं अन रंगाचं काम माह्याकडं. म्हनजे एसीवाल्याले ऊन लागते, ताई. हे कोनाले सांगितलं त हासते, पन ऊन नसलं का रंग वायत नाही, त्याले फोड येते, तीन दिवसानं खालून पुन्हा गंज निघते. आमचा सारा हिवाया उन्हाच्या भरवशावर.

मिलिंदचं सांगतो आता. मिलिंद आमच्याच वस्तीतला, आमच्या घरापासून चौथं घर त्याचं. माह्यापेक्षा आठ-नऊ वर्सांनी लहान. बाप लवकर गेला, मायनं वाढवला, त्यानंबी तोच ट्रेड केला. एका सुट्टीत त्याची माय माह्या घरी आली, म्हने, सुखदेव बाबू, याले तुह्यासंग ने. म्या अरबाबले सांगितलं, पोरगा चांगला हाये, माह्या गावचा हाये, अन अरबाबनं व्हिसा काढला. म्हनजे त्याले इकडे आननारा मीच. हे ध्यानात ठेवा, ताई.

पोरगा मोठा हुशार. मी सहा वर्सं राहून मले अरबी चार शब्द येत, रूह, ताल, खलास, मफी. मी आंगनात पाइप घेऊन धूत बसे, बोलू कोनासंग, कॉइलसंग? त्याले फिटिंगले लोकाच्या घरी पाठवत, त सहा महिन्यांत तो अरबी बायांसंग असा बोले का त्या त्याले चहा देत. मले भाऊ म्हने. सुखदेवभाऊ नाही, नुसतं भाऊ. खोलीत भाकरी मी करो, भाजी तो करे. रविवारी सुट्टी नसे इकडे, शुक्रवारी असे, त शुक्रवारी आमी दोघं बुद्धवंदना म्हनो अन मंग कपडे धूओ. गावाकडं त्याचं लग्न ठरलं व्हतं, मे महिन्यातलं. पोरीचा फोटो त्यानं पाकिटात ठेवला नव्हता, पलंगाच्या वर भिंतीले चिकटवला व्हता, कोनी हासलं त हासलं.

आता ते साल. कुवेतची लढाई संपून चार-पाच वर्सं झाले असन. त्या साली जानेवारी संपता संपता पाऊस आला. येते इकडे एखाद दिवस, नाही असं नाही, पन त्या साली गेलाच नाही. दोन दिवस उघाड, मंग पुन्हा आभाय. अन थंडी म्हनान त तेबी नाही. दरसाली आमी दोन-दोन स्वेटर घालो, त्या साली पेटी उघडलीच नाही. ना थंडी, ना ऊन, नुसती कोमट ओल. पांघरून ओलं वाटे, मीठ पाझरे, आगपेटी लागत नसे. इकडच्या घराच्या गच्च्यांले उतार नसते, पावसाची सवय कोनाले हाये? त आमच्या खोलीत तीन जागी गये. पलंग आमी इकडून तिकडे सरकवत राहो. गल्लीत घोट्याएवढं पानी, त्याले वाट नाही, मंग टँकर येऊन ते पानी ओढून नेई. गावाकडं टँकर पानी आनते, इकडे नेते, मिलिंद म्हने, पाहा भाऊ, उलटी दुनिया.

अन बाप्पा, झाडाले त काही समजतच नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बदामाचं झाड व्हतं, ते मार्चात फुटायचं ते फेब्रुवारीच्या सुरुवातीलेच फुटलं, जुनी लाल पानं अजून खाली पडून राह्यलेली अन वरतं कोवयी पालवी. माघातच चैत आला. एका शुक्रवारी मिलिंदनं मले ओढून नेलं वायवंटात, कोनाची तरी पिकअप जात व्हती. तिथं जिथं कधी कुसय नाही दिसलं तिथं हिरवं गवत, बोटभर, अन पिवयी फुलं. पुण्या-मुंबईचे इंजिनेर लोक बायका-पोरं घेऊन चटया टाकून बसलेले. अरबी बाया खाली पाहून पाहून मातीतून काहीतरी उकरत, बटाट्यावानी, फगा म्हनते त्याले, म्हने आभाय गडगडलं का तो जमिनीत धरते. मिलिंद लहान पोरावानी त्यांच्या मांगं मांगं फिरला, दोन फगा मांगून आनले, रातच्याले कांद्यात परतले. तो म्हने, आपल्या सात्यावानी लागते भाऊ, पावसायात वावरात उगोते त्या छत्र्यावानी. मले त त्या हिरवयीची धडकीच भरली व्हती. म्या म्हनलं, एवढं गवत उगोलं म्हनजे तिकडे आंगनात माह्या पत्र्यावर किती गंज उगोला असन.

कारन आंगनात साठ-सत्तर एसी उघडे पडून व्हते. प्लास्टिक झाकलं त आत घाम येई. रंग मारला का दुसऱ्या दिवशी धुऊन जाई. अरबाब येई, पाही, जीभ टाळूले लावून चक् चक् करे, चालला जाई. त्या महिन्यात त्यानं दोघाले घरी पाठवलं, एक पेंटर अन एक डायवर. अन माहा व्हिसा मार्चात सरत व्हता. त्याच आठोड्यात अरबाबनं माहा पासपोर्ट कपाटातून काढून खिशात घातला, हे म्या माह्या डोयानं पाह्यलं. नवा व्हिसा कराले नेला का तिकीट काढाले नेला, कोनाले इचारता? शीलाचं पत्र आलं व्हतं, पोरीले हॉस्टेलले घालतो म्हने, फॉर्म भरला. फी मलेच पाठवाची व्हती.

मंग तो दिवस. दुपारची नमाज करून अरबाब आला. आभाय असं भरलेलं का दुपारीच दिवा लावावा. मिलिंद बाहेर फिटिंगले गेलेला. मी एकटा पाइप घेऊन पत्रे धुऊन राह्यलो व्हतो. अरबाब माह्याजवय आला, एकदा वर पाह्यलं, अन मले म्हनला, सुखदेव, बाचर मतर. शुगल मफी. इंता रूह बेत.

आता पाहा ताई. बाचर म्हनजे उद्या. शुगल मफी म्हनजे काम नाही. रूह बेत म्हनजे घरी जाय. अन मतार म्हनजे एअरपोर्ट. हे मले पक्कं माहीत, काहून का प्रत्येक बोर्डावर तो शब्द, प्रत्येक जनाच्या तोंडात तो शब्द, सुट्टीवर चालला मतार, सुट्टीहून आला मतार. उद्या एअरपोर्ट. काम नाही. तू घरी जाय.

 खरंच सांगतो, पान्याचा पाइप हातातून सुटला, माह्याच पायावर पानी वाहून राह्यलं ते मले समजलं नाही. अन म्या काय केलं? म्या त्याचे हात धरले नाही, मले ठेवा म्हनलं नाही. माह्या तोंडातून काय निघालं ते जसंच्या तसं सांगतो. म्या म्हनलं, अरबाब, अना बच्चा दो. मिलिंद बच्चा मफी, मादाम मफी. मिलिंद मतार रूह. अना मफी रूह.

म्हनजे मले दोन लेकरं हायेत, मिलिंदले ना बायको ना लेकरू, त्याले पाठव, मले नको.

अरबाब माह्याकडं पाहातच राह्यला.  हातातली माळ थांबली त्याची. मंग म्हनला, तय्यब. बरं. अन गाडीत बसून चालला गेला.

खोलीवर आलो अन बॅग काढली. तय्यब म्हनला, पन कोनाले तय्यब, मले का त्याले, ते काही उमगेना. कपडे भरून राह्यलो व्हतो तेवढ्यात मिलिंद आला. म्हने, भाऊ हे काय? म्या म्हनलं, अरबाब मले उद्या पाठोते. त्यानं अंगावरचे ओले कपडेबी बदलले नाही. चप्पल पुन्हा पायात घातली. म्या म्हनलं कुठी चालला? म्हने, अरबाबच्या घरी. त्याले म्हनतो, भाऊले ठेव अन मले पाठव. तुम्हाले दोन लेकरं हायेत भाऊ, मी एकटा जीव, माहं काय, मी गावात फ्रिज दुरुस्त करीन.

ताई, तेच शब्द. माह्या तोंडातून चोरीनं निघाले ते त्याच्या तोंडातून राजीखुशीनं निघाले. थांबा जरा, पानी पितो.

मंग दारात उभा राहून त्यानं इचारलं, पन तो म्हनला काय नक्की? शब्द सांगा. म्या शब्द सांगितले. बाचर मतर, शुगल मफी, रूह बेत. मिलिंदनं माह्याकडं पाह्यलं अन असा हासला, असा हासला का खाली बसला. म्हने, भाऊ, मतर म्हनजे पाऊस! एअरपोर्ट म्हनजे मताऽर, लांब म्हनायचं! उद्या पाऊस हाये, काम नाही, रूमवर आराम कर म्हनला तो बिचारा!

सहा वर्सांत मले पावसाचा शब्द माहीत नव्हता. वायवंटात तो शब्द लागते कवा?

बाकीचे दोघंबी आले, तेबी हासले. मले मतारवाला भाऊ नावच पडलं. एप्रिलमंधी जयंतीच्या कार्यक्रमात कोनीतरी ही गोठ माइकवर सांगितली, सारा हॉल हासला, मीबी हासलो. पन सारे जन अर्धीच गोठ सांगत. पुढची अर्धी, म्या काय उत्तर देल्लं ते, मले माहीत अन अरबाबले माहीत.

दुसऱ्या दिवशी पाऊस आलाच. दिवसभर धो-धो. आमी खिचडी केली. मी खिडकीतून पाहो अन मनात म्हनो, पाऊस थांबला का जातो अरबाबकडं, सांगतो, ते माहं बोलनं चुकीचं व्हतं, शब्द चुकला, मिलिंदले पाठवू नका. पाऊस थांबला. गेलो नाही. म्हनलं व्हिसा हातात येऊ द्या, मंग सांगतो. व्हिसा आला, नवा शिक्का. तरी गेलो नाही. काहून का मनात एक चोर बसला व्हता, तो म्हने, सांगितलं त तो म्हनन, बरं, मंग तूच जाय. त्याच्यापायी एक महिना गेला. रोज मिलिंद माह्या ताटात भाजी वाढे. म्या बोलाले तोंड उघडो अन भलतंच बोलो.

मार्च अर्धा झाला तरी गर्मी आली नाही. दरसाली त्या टायमाले फोन खनखन वाजत, आमचा एसी कवा आनता. त्या साली लोक खिडक्या उघड्या टाकून झोपत, मस्त वारा, कोनाले एसी पाहिजे? जुफैर भागातल्या एका मोठ्या बिल्डिंगचं काम येनार व्हतं तेबी पुढं गेलं. सारी दुनिया म्हने काय सुंदर हवा हाये, अन आमच्या वर्कशॉपात मान टाकून मानसं बसलेली.

एका सकायी अरबाबनं मिलिंदले बोलावलं. मी तिथंच व्हतो. त्याले सांगितलं का एक मानूस कमी करावा लागते, तुह्यावर राग नाही, तुहं काम चांगलं हाये, पन तू एकटा हायेस.  मंग अरबाब माह्याकडं वयला अन म्हनला, सुखदेव, इंता कलाम सही. तुहं बोलनं बरोबर व्हतं.

मिलिंदनं मले इचारलं, भाऊ, कोनतं बोलनं?

आता सांगाची वेय व्हती, ताई. समोर आली, हातात आली. अन म्या म्हनलं, काही नाही रे, म्या त्याले मांगं म्हनलं व्हतं का औंदा गर्मी उशिरा येईन.

त्यानं मान हालवली. म्हने, खरं निघालं भाऊ तुमचं.

चार दिवसानं त्याले एअरपोर्टवर म्याच सोडलं. भिंतीवरचा फोटो त्यानं हलक्या हातानं काढला, मांगं थोडा रंग निघून आला. बदामाची पालवी तवा चांगली तळहाताएवढी झाली व्हती. गयाले पडला अन म्हने, तुमी वाचले भाऊ, हेच बरं झालं. लेकरांकडं पाहा.

पोरीवाल्यानं लग्न मोडलं. बहारीनवाला म्हनून देल्ली व्हती, आता हा गावात फिरते म्हने. शीलानं पत्रात लिहिलं ते. दोन वर्सं त्याची माय लोकाच्या वावरात गेली पुन्हा. एक साल मी हिंमत करून अरबाबले इचारलं, आता थोडी बरी अरबी येते मले, म्या इचारलं का मिलिंदले तुमी माह्या बोलन्यावरून पाठवलं का, का तसंबी पाठवनारच व्हते? त अरबाबनं डोये बारीक केले अन म्हने, कोन मिलिंद?

आता काय करू मी त्या उत्तराचं? शीलाले सांगितलं त ती म्हनन का त्यानं तसंबी पाठवलं असतं, एकट्यालेच पाठोते. असन. खरंबी असन. पन मले ते कधी समजनार नाही.

आता तिसरं साल चालू हाये. मिलिंदनं मूर्तिजापूरले स्टँडजवय फ्रिज दुरुस्तीचं दुकान टाकलं, टिनाचंच हाये पन चालते. मंग लग्न झालं, पोरगी चांगली भेटली. मी दोनदा सुट्टीवर गेलो, दोन्ही खेपा त्याच्या घरी जेवलो, त्याच्या मायनं मले आग्रह करून वाढलं, म्हने, सुखदेव बाबू, तू याले नेलं म्हनून यानं दुनिया पाह्यली. दोन्ही खेपा सांगाचं म्हनून गेलो अन पान खाऊन परत आलो.

म्हनून ताई, तुमी मघाशी म्हनल्या ना, का जयंतीच्या अंकात छापताना नावं बदलून टाकू, त नका बदलू. दरसाली अंक निघाला का मी त्याले पोस्टानं पाठोतो. तो पयल्या पानापासून वाचते, मांगच्या जाहिरातीबी सोडत नाही, अन मंग मले पत्र लिहिते का अमक्याचं चांगलं झालं, तमक्याचं बरं नाही झालं. सुखदेव लिहा, मिलिंद लिहा, गावबी लिहा. माह्या तोंडानं नाही झालं ते तुमच्या हातानं होऊ द्या. त्याचं दुकान चालो, लेकरू होवो, त्याची माय शंभर वर्सं जगो, हे मी रोज वंदनेच्या वेयी म्हनतो, खोटं नाही सांगत. अन त्याचं पत्र येईन तवा मी सगयात आधी पयली ओळ पाहीन, त्यात त्यानं भाऊ लिहिलं का सुखदेव लिहिलं. सुखदेव लिहिलं त मी काही म्हननार नाही. तेबी बरोबर हाये.